सुरीला टेलिफोनची मूठ

माणसं काशीला जातात, रामेश्वराला जातात. मी साताऱ्याला आणि सांगलीला सुरीची मूठ बसवायला गेलो होतो. हे सांगितलं की लोक पहिल्यांदा हसतात आणि मग विचारतात, "मग बसली का?" तेव्हा सगळं क्रमानं सांगतो. वाटेत कुठे खावं, कुठे खाऊ नये हेही सांगेन, म्हणजे ज्यांना मुठीत रस नाही त्यांचाही वेळ फुकट जायला नको.

आक्का ही माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून ती पुण्यात आमच्याकडे असते. या अकरा वर्षांत तिच्या विळीखालून गेल्याशिवाय आमच्या घरात एकही भाजी कढईत पडली नव्हती. गेल्या पावसाळ्यात तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि उजव्या हाताच्या बोटांनी त्याला पाठिंबा दिला. खाली बसता येईना, तेव्हा विळी गेली. मेहुण्यांनी कधीतरी आणलेली एक सुरी होती. पातं पोलादी, झकास. पण मूठ बारीक, आणि आक्काची बोटं बारीक वस्तूवर मिटतच नसत. तीही गेली. मग आक्का स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसू लागली आणि सौ.ला सूचना देऊ लागली. चार महिने दोघींनी हे सोसलं. पाचव्या महिन्यात आक्काच म्हणाली, "बसून खाणारं माणूस घरात नको. वाईला घाटाकडची खोली माझ्या वाट्याची आहे. संक्रांत झाली की मला पोचव."

मी म्हणालो, "बघू." आमच्या घरात भावना व्यक्त करायला एवढा एकच शब्द आहे.

दुसऱ्या दिवशी तिची पत्र्याची ट्रंक दाराशी येऊन बसली.

अशातच शेजारच्या डॉक्टरांकडे आक्कासाठी मुंबईहून तिच्या भाचीचा ट्रंककॉल आला. आक्का बोलून परत आली ती स्वतःच्याच हाताकडे बघत. "बापू, टेलिफोन मला धरता येतो. पोटात जाड असतो, जड असतो, घसरत नाही. सुरीला टेलिफोनची मूठ का लावत नाहीत रे?"

ती हे थट्टेत म्हणाली. माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे की मला थट्टा उशिरा कळते. कळेपर्यंत मी रविवारच्या जुन्या बाजारात उभा होतो आणि काळ्या बॅकेलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा, एक वायरतुटका रिसीव्हर चार रुपयांना घासाघीस न करता घेत होतो.

"फोन कुठाय?" विकणाऱ्यानं विचारलं.

"फोन नकोय."

"मग बोलणार कशाशी?"

"भाजीशी," मी म्हणालो. त्यानं सुटे पैसे जरा लांबूनच दिले.

पुण्यातल्या दोन चाकूवाल्यांनी मला नवी सुरी घ्यायचा सल्ला दिला. आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर मूळचे साताऱ्याचे. ते म्हणाले, "आमच्याकडे एक लोहार आहे. त्याचे वाडवडील तलवारींना मुठी बसवायचे. सुरी म्हणजे त्याला पोरखेळ." शाळेला स्नेहसंमेलनाची सुट्टी होतीच. पिशवीत सुरी, रिसीव्हर आणि दोन धोतरं टाकली. सौ.नं दशम्या दिल्या. आक्कानं विचारलं, "कुठे?" मी म्हणालो, "साताऱ्याला, कामानं." संक्रांतीला पाच दिवस होते.

स्वारगेटहून सकाळी सातची एस.टी. पकडावी. नंतरच्या गाडीला गर्दी फार, आणि ऊन खिडकीतून नेमकं मांडीवर येतं. डावीकडची जागा मिळाली तर उत्तम. कात्रज उतरताना थंडीतली शेतं धुक्यातून हळूहळू वर येतात. शिरवळला चहा घेऊ नये. खंबाटकीखालच्या खंडाळ्याला घ्यावा, तीस पैसे, आणि गरम भजी मागावीत. ती मागितल्याशिवाय गरम मिळत नाहीत. खंबाटकीच्या घाटात आमच्या गाडीनं तीनदा दम घेतला. शेजारी लाल रुमालवाला एक शेतकरी होता. माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या रिसीव्हरकडे त्यानं अर्धा घाट निरखून पाहिलं.

"सायेब, टेलिफोन खात्यात हाय का?"

"नाही. शाळेत शिकवतो. संस्कृत."

"आसं व्हय," तो म्हणाला, आणि सगळं स्पष्ट झाल्यासारखी मान हलवून झोपला.

घाट उतरल्यावर सुरूरचा फाटा लागतो. तिथून उजवीकडचा रस्ता वाईला जातो. "वाईवाले उतरा! वाई! वाई!" कंडक्टर ओरडला. त्याचा आवाज असा खणखणीत, की वेदपाठशाळेत त्याला कुणीही ठेवून घेतलं असतं. दोन बायका ट्रंक घेऊन उतरल्या. मी डावीकडच्या खिडकीतून बाहेर बघितलं. डावीकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

साताऱ्यात स्टँडजवळ सहा रुपयांत स्वच्छ खोली मिळते. चादर मात्र आपली न्यावी. कंदी पेढे परतताना घ्यावेत, जाताना घेतले तर सांगलीपर्यंत टिकत नाहीत. ते खराब होतात म्हणून नव्हे. दुपारी लोहाराचा पत्ता शोधत गेलो. दगडूबा नाव, वय साठीच्या पुढे, दंड अजून तिशीतले. त्यानं पातं नखावर वाजवून पाहिलं आणि खूश झाला. "लय बेस हाय. आता असलं मिळत न्हाई." मग रिसीव्हर हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. कानाला लावला.

"कुणी बोलत न्हाई," तो म्हणाला.

मी सगळं समजावलं. दोन्ही टोकांच्या वाट्या कापायच्या, मधला दांडा तेवढा ठेवायचा, त्याला पातं बसवायचं. दगडूबानं वाट्या कापल्या. पुढे मात्र त्यानं त्याच्या बापानं आणि आज्यानं केलं तेच केलं. पात्याला मागे एक निमुळती शेपटी असते, ती मुठीत जाते. ती भट्टीत लाल करायची आणि सरळ लाकडात घुसवायची; लाकूड जळत जळत बरोब्बर तिच्या मापाची वाट देतं. मूठ बसवायची तिकडची पद्धत हीच, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती चुकलेली नाही. कारण पिढ्यान्‌पिढ्या मुठी लाकडाच्याच होत्या. भाता फुसफुसला, शेपटी लाल झाली, दगडूबानं सांडशीनं ती दांड्यात दाबली.

बॅकेलाइट जळत नाही. वितळतही नाही. वाट तर मुळीच देत नाही. 'टक्' असा अगदी सभ्य आवाज झाला, दवाखान्यात येतो तसा कार्बोलिकचा वास सुटला आणि दांड्याची उभी दोन शकलं ऐरणीवर पडली.

दगडूबानं एक शकल उचलून त्याचा वास घेतला. "मास्तर," तो शेवटी म्हणाला, "माझ्या बानं ह्ये कवा बगितलंच न्हाई." त्याला वाईट वाटलं होतं, पैसे घेईना. मी निघालो तेव्हा म्हणाला, "सांगलीकडं एक भीमराव हवालदार हाय. मिल्ट्रीत टेलिफोनवर हुता. रेडू, कंगवं, बटनं, कशाचीबी मूठ करतो. आमी त्याला हसतो. पर तुमी जावा."

रात्री खोलीत दोन शकलं जोडून पाहिली. जुळत होती, पण हात काढला की सुटत होती.

सांगलीची गाडी सकाळी साडेआठची. वाटेत कराडला वीस मिनिटं थांबते. तेवढ्यात पिठलं-भाकरीची थाळी उरकता येते, दोन रुपये, आणि मिरचीच्या ठेच्याला हात लावण्यापूर्वी पाण्याचा तांब्या जवळ असल्याची खात्री करावी. कराडच्या पुढे कारखान्यांचा हंगाम सुरू होता. उसाच्या गाड्यांच्या रांगेमागे आमची एस.टी. बैलांच्या चालीनं चालत होती. ड्रायव्हर शिव्या देत होता, पण त्याही हळूहळू. खिडकीतून हात बाहेर काढून एका बाईनं चालत्या गाडीतला ऊस ओढून घेतला आणि मोडून सगळ्यांना वाटला. त्यामुळे इस्लामपूर येईपर्यंत एस.टी.त कुणी बोललं नाही. आयर्विन पुलावरून कृष्णा ओलांडली तेव्हा दुपार कलली होती. सांगलीत गणपतीचं दर्शन घेतलं, भडंग घेतले. भडंग दोन पुडे घ्यावेत, एक प्रवासाला आणि एक घरी दाखवायला. बाजारपेठेतून चालताना हळदीनं नाक पिवळं झाल्यासारखं वाटतं. मुक्काम तिथेच केला.

हवालदाराचं गाव सांगलीपासून दहा-बारा मैलांवर, नदीकाठी. सकाळच्या गाडीनं फाट्यावर उतरलो आणि चालत गेलो. घरापुढे लिंबाखाली एक लाकडी बाक, त्यावर कानशी लष्करी शिस्तीत लहानमोठ्या क्रमानं मांडलेल्या. भीमराव हवालदार किडकिडीत, ताठ, पांढऱ्या मिशा. डोक्याला फेटा नि अंगात जुना खाकी स्वेटर. माझ्या हातातली शकलं बघताच त्यांनी विचारलं, "तापवून घातलं?"

"हो."

"साताऱ्याला?"

"हो."

"दगडूबानं?" ते हसले. "मागल्या साली त्यानं शिलोलाइडचा कंगवा आसाच तापवला. मिशी गेली निम्मी. तुमचं ब्याकलेट हाय म्हून वाचला."

मग त्यांनी एक पोतं आणून माझ्यासमोर पालथं केलं. मी अनेक ग्रंथालयं पाहिली आहेत, पण इतक्या प्रेमानं मांडलेला संग्रह क्वचित. मोडक्या रेडिओंच्या तपकिरी भिंती, विजेची गोल बटणं, म्हाताऱ्या बायकांचे मधाच्या रंगाचे कंगवे, दाढीच्या ब्रशांचे दांडे, विलायती कोटांच्या गुंड्या, आणि मिरजेच्या सतार करणाऱ्यांकडून आणलेले हस्तिदंती दिसणारे पट्टे. त्यांनी एक कंगवा उचलला, अंगठ्यानं खसाखसा घासला आणि माझ्या नाकाशी धरला.

"कशाचा वास?"

"कापूर!" मी खरोखरच चकित झालो.

"शिलोलाइड. दिसायला लय देखनं. पर कापराचं पोर ते, इस्तवाजवळ न्यायचं न्हाई. शेराच्या बायका मागत्यात, मी चुलीवाल्या घराला देत न्हाई." मग एक गुंडी घासली. "आन् ह्ये?"

"नासलेलं दूध."

"दुधाचंच हाय. दूध फाडून करायचे आदी."

"उपासाला चालेल का?"

हवालदारांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मास्तर, तुमी बामन लय खट्याळ." तिसरा तुकडा काळा. तो न घासताच मी म्हणालो, "दवाखाना." ते खूश झाले. "ब्याकलेट. ह्ये आगीला भीत न्हाई, पान्याला भीत न्हाई. हातोड्याला भितं. दामटायचं न्हाई, घासायचं. लय घासायचं." पोत्याच्या तळातून त्यांनी एक जाडजूड काळा रिसीव्हर काढला. लष्करी टेलिफोनचा होता, माझ्या रिसीव्हरपेक्षा वजनदार. दांडा आतून पोकळ होता, वायर जायला. "हितनं शेपटी जाती आल्लाद. तापवायला कशाला पायजे? लाख आन् विटकराची पूड वतली की बसली."

मी सुटकेचा श्वास टाकला आणि बाकावर बसलो.

"आता हात दावा," हवालदार म्हणाले.

मी हात पुढे केला.

"तुमचा न्हाई. जिला सुरी वापरायची तिचा. हात कुठाय?"

हात पुण्यात होता. मी शंभर कोस सुरी आणली होती, रिसीव्हर आणला होता, आणि जिच्यासाठी हे सगळं ती बोटं कुठे वळतात, कुठे अडतात याचं काडीइतकं माप आणलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. हवालदारांनी रिसीव्हर परत पोत्यात टाकला.

"मी हात बगितल्याबिगार मूठ करत न्हाई. बायका कनकीचा गोळा मुठीत दाबून आनत्यात, मी त्यावरनं करतो. जावा, गोळा घेऊन या."

"संक्रांत झाली की ती जाणार आहे हो. वेळ नाही."

"कुठं?"

"वाईला. राहायला."

आतून त्यांची बायको म्हणाली, "आवं, म्हातारीचं हाय, करा की. किती भाव खाल?" ती हिराबाई, आतापर्यंत मला फक्त तिच्या बांगड्या ऐकू आल्या होत्या.

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "पुन्याला तुमच्याकडं फोन हाय?"

"शेजारी आहे."

"मग उटा."

गावच्या पोस्टात नुकताच टेलिफोन आला होता. ट्रंककॉलला दीड तास धरून चालावं. आम्हाला पावणेदोन लागले. तेवढ्यात पोस्टमास्तरांनी सगळी हकीकत काढून घेतली, आणि कॉल लागला तेव्हा मनिऑर्डरीला आलेली तीन माणसं काम झालं तरी बाकावर बसून राहिली. डॉक्टरांनी आक्काला बोलावून आणलं. हवालदारांनी पोस्टाचा रिसीव्हर मान वाकवून कान-खांद्यात धरला, पोत्यातला दुसरा डाव्या हातात धरला, कानामागे पेन्सिल. आक्काचा आवाज यंत्राची मदत न घेताही पोस्टभर ऐकू येत होता.

"आक्का का? मी भीमराव हवालदार बोलतोय."

"कोण हवालदार? बापूनं काय केलं?"

"मास्तरांनी काय न्हाई केलं. तुमच्या सुरीची मूठ करायची हाय."

"म्हणजे खरंच गेला होय तो! अहो, मी थट्टा केली होती."

"आसू दे. आत्ता फोन कसा धरलाय?"

"हातात!"

"त्ये झालं. आंगठा कुठं हाय?"

"आतल्या बाजूला. आडवा."

"आन् करंगळी?"

"करंगळी कामाची नाही. नुसती हजर असते."

पेन्सिलीनं खूण झाली. "जोर कंच्या बोटांत हाय?"

"मधल्या दोन. पण तिसरं सकाळी उठतच नाही, दहा वाजता उठतं."

"बरं. आता फोन कानावरनं खाली घ्या, भाजी चिरल्यागत धरा आन् चिरा. आंगठा कुठं जातो बगा आन् सांगा."

आवाज बंद झाला. आम्ही सगळे वाट बघत होतो. अर्धं मिनिट गेलं.

"कट झाला काय?" पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं.

"न्हाई," हवालदार तोंडावर हात धरून म्हणाले. "चिरत्यात."

मधेच ऑपरेटर म्हणाली, तीन मिनिटं झाली. "आसू द्या, बाई, अजून चिरत्यात," हवालदार तिलाही म्हणाले. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात आक्का त्यांच्या टेलिफोननं हवेतली भाजी चिरते आहे आणि डॉक्टर ते बघत आहेत, हे चित्र मला इथून स्पष्ट दिसत होतं. मग एकदम: "हॅलो! अंगठा वर चढतो, पाठीवर. आणि मनगट बाहेरच्या अंगाला दुखतं."

"बास! समजलं. मूठ जरा खाली वाकवून बसवतो. किती जनांची भाजी?"

"संक्रांतीपर्यंत तिघांची," आक्का म्हणाली. "पुढे एकटीची."

आणि लाइन गेली.

परतताना पाणंदीत हवालदार म्हणाले, "एकटीच्या भाजीला कशाला येवढी सुरी? वांगं हातानं मोडलं तरी भागतं." चार पावलं पुढे जाऊन ते वळले. "मास्तर, तुमी त्यास्नी 'ऱ्हावा' म्हनलाय का?"

मी मनात अकरा वर्षं चाळली. "तसं शब्दांत नाही."

"मग कशात?"

आयुष्यभर मी शब्दांचीच भाकरी खाल्ली आहे. त्या पाणंदीत मला एकही सापडला नाही.

दुपारभर त्यांनी तोंडाला फडकं बांधून काम केलं. आधी वाट्या करवतीनं हळूहळू उतरवल्या. मग कानस, आधी खरबरीत, मग बारीक, मग पॉलिश पेपर पाण्यात बुडवून. पेन्सिलीच्या खुणांवर अंगठ्याला एक उथळ खळगी झाली, मधल्या दोन बोटांना पोट ठेवलं, करंगळीला नुसती टेकायला जागा. दर थोड्या वेळानं ते डोळे मिटून मूठ धरत आणि करंगळी उचलून, तिसरं बोट लुळं सोडून हवेत चिरत. बघता बघता त्यांच्या हाडकुळ्या हातात आक्काचा हात दिसायला लागला. मी तो अकरा वर्षं रोज पाहिला होता, पण बोटांसकट कधी नाही. लाख ओतली, एक पितळी खिळा आरपार घातला, आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात. काळी मूठ अशी चमकली की तिच्यात लिंबाचं झाड दिसलं.

रात्री जेवायला हिराबाईनं भरली वांगी केली. कृष्णाकाठच्या वांग्यांबद्दल ऐकलं पुष्कळ होतं. त्याविषयी मी काही लिहीत नाही. ज्यांना जमेल त्यांनी जाऊन खावीत, ज्यांना जमणार नाही त्यांना उगीच त्रास कशाला. सकाळी निघताना तिनं दोन शेर वांगी पिशवीत घातली. "आक्कास्नी म्हनावं, चार चिरा द्या, पर देठ तुटता कामा न्हाई. तवा खरी सुरी."

हवालदारांनी मजुरी सांगितली, मी दिली, आणि पुढच्या जुन्या बाजारातून असले आणखी रिसीव्हर पाठवायचं कबूल केलं. निघता निघता ते म्हणाले, "आन् मास्तर, मूठ येका फेऱ्यात बसत न्हाई. वापरून कुठं टोचतंय त्ये आक्कांनी मला कळवायचं. मग मी घासून देतो. तवर काम पुरं न्हाई."

"किती दिवस वापरायची?"

"कुनाला आठ दिस सांगतो, कुनाला वरीस." त्यांनी मिशी पुसली. "मानूस बगून."

परतीचा प्रवास एका दिवसात उरकला: सांगलीहून थेट गाडी, साताऱ्याला पाच मिनिटांत पेढे, सुरूरच्या फाट्यावर पुन्हा "वाई! वाई!" या वेळी मी वाईच्या रस्त्याकडे बघितलं. रस्ता चांगला होता, दोन्ही बाजूंना वडाची झाडं. ट्रंक घेऊन जायला अगदी सोयीचा.

दुसऱ्या दिवशी भोगी. ज्यांच्या घरी भोगीची भाजी होते त्यांना सांगायला नको की त्या दिवशी घरातल्या प्रत्येक भाजीला सुरीखाली यावं लागतं. मी कागदात गुंडाळलेली सुरी आक्कासमोर ठेवली. तिनं आधी वास घेतला. "दवाखाना," ती म्हणाली. मग धरली. अंगठा खळगीत गेला, मधली दोन बोटं पोटावर मिटली, करंगळी हजर राहिली. ती "बघू" एवढंच म्हणाली. आमच्या घराण्याचा गुणच तो.

सौ.नं पाट, परात, वांगी, गाजरं, घेवडा ओट्यावर मांडून ठेवलं. आक्कानं उभ्यानं एक वांगं घेतलं. एक चीर, दुसरी चीर. तिसरीला ती देठाशी थांबली. सौ. मागे वळून गॅसशी नसलेलं काम करू लागली. वांगं फिरवून चौथी चीर. देठ जागच्या जागी होतं. आक्कानं ते उचलून माझ्या डोळ्यांपुढे धरलं, जणू मी कुठल्या तरी परीक्षेत नापास झालो होतो.

चार वांगी झाल्यावर तिच्या गुडघ्यांनी कुरकुर केली. सुरी खाली न ठेवता ती म्हणाली, "बापू, ती ट्रंक आण."

पाणंदीत न सापडलेले सगळे शब्द एकदम तोंडात आले आणि त्यांतला सगळ्यात बेढब बाहेर पडला. "ट्रंक कुठेही जायची नाही! तू इथेच राहायचंस, आक्का. मला... आम्हाला तू पाहिजेस."

सौ.नं आ वासला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तिनं माझ्याकडून इतकं लांब वाक्य ऐकलं नव्हतं.

"ओरडतोस काय?" आक्का म्हणाली. "कुठे न्यायची म्हणाले मी? इथे ओट्याशी ठेव. बसायला. खुर्ची ठेंगणी पडते, तुझ्या घरात एक वस्तू मापाची नाही."

मी ट्रंक आणली. बरीच जड होती. ती तिच्यावर बसली. उंची बरोबर आली. खाली बघत तिनं गाजर हातात घेतलं. तिचा चेहरा मला दिसला नाही. गाजर मात्र फार बारीक चिरलं गेलं.

प्रवासातून काय आणलं, असं विचाराल तर भडंग त्याच दिवशी संपले, पेढे दुसऱ्या. वास ओळखायची सवय राहिली. कुणाकडे जुना कंगवा दिसला की मी तो घासून हुंगतो आणि सौ. मला कोपरानं ढोसते. सुरी रोज वापरात आहे. गरम पाण्यात घालत नाही, लाख सुटते.

संक्रांत होऊन दोन महिने झाले. ट्रंक ओट्याशीच आहे. आतली लुगडी एकेक करून कपाटात गेली, कुणी कधी नेली ते विचारायचं नाही. परवा हवालदारांचं कार्ड आलं: मूठ कुठे टोचतेय ते अजून कळवलं नाहीत. आक्कानं मला उत्तर लिहायला बसवलं. मी लेखणी घेऊन वाट बघत होतो. ती मूठ उलटीसुलटी करून, अंगठ्यानं चाचपून, चांगली पाच मिनिटं तपासत होती.

"लिही," ती म्हणाली, "अजून नक्की सांगता येत नाही. वेळ लागेल."